तेल पिणारा स्पंज

सोमाटण्याला हायवेलगत मामाचं गाड्या धुण्याचं सेंटर आहे. धुतलेल्या टेम्पो-ट्रकांचं ग्रीस आणि ऑइल मिसळलेलं काळं पाणी मागच्या खड्ड्यात साचायचं. असलं पाणी विजेनं साफ करण्यावर मी तेव्हा पुण्यात पीएचडी करत होते. प्रयोगशाळेत आम्हीच पाण्यात तेल घोटायचो आणि आम्हीच ते साफ करायचो. मला खरोखरीचं घाण पाणी हवं होतं. म्हणून सुट्टीत सेंटरलगतच्या मामाच्या घरी मुक्काम ठोकला.

अंगणातल्या टबात ते पाणी भरलं, अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या सोडल्या आणि वीज नीट वाहावी म्हणून मूठभर मीठ टाकलं.

"मीठ? कालवण करतीस का गं?" मामीनं विचारलं.

बॅटरीचा चार्जर जोडताच पट्ट्यांवरून बारीक बुडबुडे उठले. तेलाचे कण एकमेकांना चिकटून सायीसारखे वर यायला लागले. पण पाण्यातला गाडी धुवायचा शाम्पू मी विसरले होते. बघता बघता फेस टबाबाहेर पडला आणि उभ्या टेम्पोच्या चाकापर्यंत गेला.

"भाऊ, गाडी धुवू नगा, फेसातच उभी करतो!" ड्रायव्हर ओरडला. सगळ्यात मोठ्यानं मामाच हसला.

दुसऱ्या दिवशी त्यानं शाम्पू कमी वापरला. मग पाणी छान निवळलं. वर तेलाचा पातळ, रंगीत तवंग तेवढा उरला. त्यासाठी मी एक काळा स्पंज आणला होता. कार्बनच्या अतिसूक्ष्म, म्हणजे नॅनो कणांचा लेप दिलेला. तो आणायला घरात गेले, तर स्पंज जागेवर नाही.

मोरीतून मामीचा आवाज आला, "कसला स्पंज हाय ह्यो? पाणीच धरत न्हाई!"

भज्यांची कढई तिनं माझ्या स्पंजानं घासायला घेतली होती. पाणी त्याच्यावरून मोत्यांसारखं घरंगळत होतं. कढईतलं तेल मात्र त्यानं पार पिऊन टाकलं होतं.

"मामी, ठेव तो!" मी किंचाळले. कढई मीच घासून काढली. लेपाचा कणही राहायला नको होता.

मला मात्र आतून भयंकर आनंद झाला होता. मामा कढईजवळ उकिडवा बसून बघत होता. हा स्पंज पाणी सोडून फक्त तेल पितो, हे दोन दिवस मी त्याला समजावत होते, ते त्याला आत्ता पटलं. मी बॅगेतला जादाचा स्पंज काढला, तो त्यानं माझ्या हातातून घेतला आणि स्वतःच तवंगावरून फिरवला. टबाचा तळ लख्ख दिसला.

"लय भारी! आता ह्या पाण्यानंच गाडी धुतो."

"पत्र्याला नको मामा, मीठ आहे त्यात. टायरला चालेल."

मामानं लगेच बादली भरली आणि दारात उभ्या एका टेम्पोचे टायर धुवायला घेतले. मामी मात्र माझ्यामागे लागली, "मला भज्यांसाठी असला एक आणून दे की."