जोगळेकर पाण्यात उतरले

जर्मनीतल्या एश्बॉर्नच्या ऑफिसात माझा पहिला दिवस होता. लॅपटॉप अजून हातात यायचा होता, बसायची जागाही ठरली नव्हती. तेवढ्यात एक उंच, किरकोळ अंगाचे गृहस्थ समोर येऊन उभे राहिले आणि स्वच्छ मराठीत म्हणाले, "समुद्र की डोंगर?"

मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी समजावून सांगितलं, की जानेवारी संपत आलाय, वर्षभराच्या रजा या आठवड्यात सिस्टिममध्ये टाकायच्या असतात, आणि मी उशीर केला तर उन्हाळ्यातले चांगले आठवडे शाळकरी मुलांच्या आईबापांनी आधीच घेतलेले असतील. नाशिकहून येऊन मला पाच दिवस झाले होते. घरात पलंगसुद्धा नव्हता. मी उगाच समुद्र म्हणाले. त्यांनी ते खिशातल्या छोट्या वहीत लिहून घेतलं आणि जाता जाता सांगितलं, "इथे आधी सुट्टी ठरते, मग वर्ष ठरतं."

हे आमचे टेस्टिंगचे प्रमुख जोगळेकर. वय छप्पन्न, जर्मनीत बावीस वर्षं. मी त्यांना सर म्हणाले तर ते म्हणायचे, सर शाळेत असतात. जर्मन सहकाऱ्यांसारखं नुसतं पहिल्या नावाने हाक मारायला माझी जीभ वळेना. शेवटी 'अहो जोगळेकर' यावर आमची तडजोड झाली.

दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधली खोट शोधणं हे त्यांचं काम. ते काम त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं, की कँटीनमध्ये सूपची वाटी उचलण्याआधी ते तिचं बूड पुसून बघायचे. "कागदावर सगळंच चालतं," असं ते म्हणायचे. नव्या मुलांनी मोठ्या अभिमानाने काही दाखवलं, की ते शांतपणे ऐकून घेत आणि एवढंच विचारत, "आणि नाही चाललं तर?" काही जण या प्रश्नाला वैतागायचे. पण त्यामुळे ज्यांच्यावर रात्रीबेरात्री बिघाडाचे फोन घ्यायची पाळी आली नाही, ते मनातून त्यांचे आभार मानायचे.

त्यांची खरी ख्याती मात्र सुट्ट्या आखण्याबद्दल होती. ऑफिसातली निम्मी मराठी घरं त्यांना विचारून समुद्रावर जायची. बाल्टिकच्या काठावर ल्यूबेकच्या पलीकडे एक लहानसं गाव आहे, ते त्यांना गल्लीन् गल्ली पाठ होतं. कुठल्या फेरियनवोनुंगमध्ये, म्हणजे सुट्टीसाठी भाड्याने मिळणाऱ्या घरात, आपला कुकर चालेल अशी शेगडी आहे, कुठल्या घरमालकिणीला फोडणीचा वास खपत नाही, कूरटाक्स हा तिथला पर्यटन-कर भरला की बस फुकट मिळते का, हे सगळं ते बसल्या जागी सांगायचे. वाळूवर ठेवलेली वेताची छतवाली खुर्ची, स्ट्रांडकोर्ब, ती कितव्या रांगेतली घ्यावी हेसुद्धा त्यांनी मला सांगितलं होतं. तिसरी रांग. पहिल्या रांगेत वारा फार, आणि पाचवीतून फक्त चौथीतल्यांच्या पाठी दिसतात.

त्या जुलैत मी जाऊन आले. त्यांनी सांगितलेलं सगळं जसंच्या तसं निघालं, बेकरी सोमवारी बंद असते इथपर्यंत. परत आल्यावर मी आभार मानायला गेले आणि सहज विचारलं, की तुम्ही तिथे एकूण किती वेळा गेलात. जोगळेकर स्क्रीनकडे बघत म्हणाले, की ते कधीच गेलेले नाहीत. सगळी माहिती त्यांनी फोन करून, पत्रं लिहून आणि जाऊन आलेल्या लोकांना खोदून खोदून विचारून जमवली होती.

याचं कारण मला सप्टेंबरात कळलं. त्यांनी एका रविवारी जेवायला बोलावलं होतं. दार मेधाताईंनी उघडलं, त्यांच्या पत्नीने. त्या चाकाच्या खुर्चीत होत्या. नऊ वर्षांपूर्वी त्यांना मल्टिपल स्क्लेरोसिस झाल्याचं निदान झालं होतं. पाय हळूहळू गेले, आता उजव्या हातातही फारसा जोर नव्हता. पण डोळे लखलखीत, बोलणं मिश्किल. मला म्हणाल्या, "ये गौरी. तुझ्या स्ट्रांडकोर्बची रांग आमच्याकडे आठवडाभर चर्चेला होती."

जेवताना कळलं, की मेधाताई लग्नाआधी पोहण्याच्या स्पर्धांत उतरायच्या. टिळक रोडवरच्या घरातून पहाटे सायकलने तलावावर जायच्या. लग्नानंतर दोघं पहिल्यांदा कोकणात गेले तेव्हा त्या पार आत पोहून आल्या आणि जोगळेकर किनाऱ्यावर त्यांच्या चपला हातात धरून उभे होते. त्यांना पोहता येत नव्हतं. ताटात वाढता वाढता जोगळेकरांनी विषय बदलला. ते आत पोळ्या गरम करायला गेले तेव्हा मेधाताई हळूच म्हणाल्या, की हे सगळ्यांना समुद्रावर पाठवतात, आणि लोक परत आले की मला त्यांचे फोटो आणून दाखवतात. त्यात तक्रार नव्हती. एखाद्याची खोड सांगावी तसं त्यांनी सांगितलं.

मी एकदा धीर करून जोगळेकरांना विचारलं, की तुम्ही दोघं का जात नाही. त्यांनी उत्तर तयार ठेवलेलं होतं. हॅम्बुर्गला गाडी बदलायची, तिथली लिफ्ट बंद असली तर? न्हाणीघराचं दार किती रुंद? वाळूत खुर्चीची चाकं रुतली तर? प्रत्येक प्रश्नाला त्यांच्याकडे अर्धं उत्तर होतं, आणि अर्ध्या उत्तरावर ते कुठलाही प्रोग्रॅम बाहेर सोडत नसत.

पुढच्या जानेवारीत मेधाताईंनीच पाऊल उचललं. डाव्या हाताने एकेक अक्षर टाइप करून त्यांनी त्या गावच्या पर्यटन-कचेरीला ईमेल लिहिली. उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. त्यांच्याकडे फुग्यासारख्या जाड टायरांची वाळूतली चाकखुर्ची होती, ती दोन-दोन तासांसाठी मिळायची. तळमजल्यावरचं एक घरही त्यांनी सुचवलं होतं. मेधाताईंनी जूनमधला एक आठवडा नक्की करून टाकला, मला सोबत येशील का म्हणून विचारलं, मी हो म्हटलं, आणि मग त्यांनी नवऱ्याला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी जोगळेकर कँटीनमध्ये माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, की मार्चमध्ये ते एकटे जाऊन सगळं बघून येणार आहेत.

आणि ते खरोखर गेले. भर थंडीत, शनिवार-रविवार गाठून, मोजपट्टी घेऊन. हॅम्बुर्गच्या स्टेशनवर त्यांनी लिफ्टमधून तीनदा ये-जा केली. घराची दारं मोजली. पर्यटन-कचेरीतल्या माणसाला त्यांनी आधीच कळवून ठेवलं होतं, त्याने हिवाळ्यासाठी आत ठेवलेली ती खुर्ची बाहेर काढली. पण रिकामी खुर्ची ढकलून काय कळणार? तेव्हा जोगळेकरांनी त्यालाच विनंती केली, की जरा बसता का. तो सहा फुटी, भरल्या अंगाचा माणूस. त्याने क्षणभर त्यांच्याकडे बघितलं, "आल्झो गूट", म्हणजे बरं तर, म्हणाला आणि बसला. बर्फाळ वाऱ्यात, ओस किनाऱ्यावर, जोगळेकरांनी त्याला पाण्याच्या कडेपर्यंत ढकलत नेलं आणि परत आणलं. हे मला पुढे त्या माणसानेच सांगितलं. म्हणाला, इतक्या वर्षांत आमच्या खुर्चीत मी पहिल्यांदाच बसलो, आणि बसल्यावर कळलं की तिची पाठ चुकीच्या कोनात आहे. जून येईतो त्याने ती दुरुस्त करून ठेवली होती.

जूनमध्ये आम्ही तिघं गेलो. पहिले दोन दिवस पाऊस होता. खिडकीशी बसून आम्ही पत्ते खेळलो, खिचडी केली. जोगळेकर दर तासाला हवामान बघत होते आणि मेधाताई त्यांची पानं चोरून बघत होत्या. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं. दुपारी दोन वाजता आम्ही मेधाताईंना त्या जाड टायरांच्या खुर्चीत बसवलं आणि वाळूत उतरलो. चाकं रुतली नाहीत. पाण्याची पहिली लाट त्यांच्या पायांवरून गेली. पाय आधी आपोआप आखडले, मग सैल झाले. त्या नुसत्या बघत राहिल्या.

मग म्हणाल्या, "अहो, आता आत."

जोगळेकर म्हणाले, की ठरलं होतं ते कडेपर्यंत. त्यांचा चेहरा उतरला होता. पाण्यातलं त्यांनी काहीच तपासलेलं नव्हतं, कारण मार्चच्या पाण्यात त्या माणसाला न्यायचं कसं? आणि त्यांना स्वतःला पोहता येत नव्हतं. "हे मी करून बघितलेलं नाही, मेधा," ते म्हणाले.

"मग माझ्याबरोबर करून बघा," मेधाताई म्हणाल्या. "पाणी मला ठाऊक आहे. तुम्ही फक्त मला धरा."

जवळच्या उंच खुर्चीवरून जीवरक्षक बाई खाली आल्या. पन्नाशीच्या, उन्हाने रापलेल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मेधाताईंना एक तरंगतं जाकीट घातलं आणि जोगळेकरांना सांगितलं, की पाणी तुमच्या कमरेच्या वर जाणार नाही, मी शेजारी आहे. मी खुर्ची धरून ठेवली. जोगळेकरांनी पँट वर करायचा प्रयत्न केला, मग तो नाद सोडला आणि कपड्यांसकट पाण्यात उतरले. त्यांनी आणि त्या बाईंनी मिळून मेधाताईंना उचललं आणि पाण्यावर आडवं ठेवलं.

काही क्षण मेधाताईंचं अंग ताठ होतं. मग त्यांनी मान मागे टाकली, श्वास भरून घेतला, आणि पाण्याने त्यांना उचलून धरलं. जोगळेकरांचा तळहात त्यांच्या पाठीखाली होता. थोड्या वेळाने मेधाताई आभाळाकडे बघत म्हणाल्या, की हात काढा. त्यांनी काढला नाही. त्या पुन्हा म्हणाल्या. जोगळेकरांनी जीवरक्षक बाईंकडे बघितलं, बाईंनी मान डोलावली, आणि त्यांनी हात वीतभर खाली नेला. मेधाताई तशाच तरंगत राहिल्या. डाव्या हाताने त्यांनी हळू पाणी मागे सारलं आणि त्या जोगळेकरांपासून हातभर लांब गेल्या. कितीतरी वर्षांत पहिल्यांदा, कोणी न धरता. जोगळेकर छातीशी हात धरून उभे होते आणि त्यांच्या गालांवरून जे वाहत होतं ते समुद्राचं नव्हतं.

त्या रात्री मेधाताई कितीतरी महिन्यांनी सलग आठ तास झोपल्या. उरलेले चारही दिवस आम्ही दोनच्या ठोक्याला खुर्ची घ्यायला हजर होतो.

परत आल्यावर ऑगस्टमध्ये जोगळेकरांनी एश्बॉर्नजवळच्या पोहण्याच्या तलावावर नाव घातलं. मोठ्यांचा वर्ग भरलेला होता, म्हणून संध्याकाळच्या मुलांच्या वर्गात. सहा-सात वर्षांची दहा मुलं आणि सत्तावन्न वर्षांचे जोगळेकर. मुलं त्यांना शिकवायची, पाय बेडकासारखे मारा म्हणायची. ते ऐकायचे, "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणायचे आणि पुन्हा बुडायचे. इथे पोहता येऊ लागलेल्या मुलांना परीक्षेनंतर समुद्रघोड्याचा एक छोटा बिल्ला मिळतो. उडी मारून पंचवीस मीटर पोहायचं आणि खांद्याएवढ्या पाण्यातून तळाची रिंग काढून आणायची. जोगळेकर डिसेंबरात नापास झाले, फेब्रुवारीत पुन्हा बसले.

त्याच महिन्यात मला बॉनला नोकरी मिळाली होती. ऑफिसातल्या निरोपाला ते आले नाहीत, कारण त्याच संध्याकाळी परीक्षा होती. मग मीच केक डब्यात भरून तलावावर गेले. काठावरच्या बाकांवर आईबाप बसले होते, त्यांच्या शेजारी मेधाताई. जोगळेकरांनी नाक दाबून उडी मारली. पंचवीस मीटर ते कसेबसे, मान ताठ ठेवून, पण न थांबता पोहले. रिंगसाठी खाली गेले ते इतका वेळ वर येईनात, की मी उठून उभी राहिले. मेधाताईंनी डाव्या हाताने माझा हात धरून मला खाली बसवलं.

"येतायत," त्या म्हणाल्या. "दम पुरवून वापरतायत."

ते वर आले. खोकत, डोळे चोळत, हातात लाल रिंग. सगळ्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. जोगळेकर पाण्यातून चालत थेट आमच्या बाजूच्या काठाशी आले आणि ती रिंग त्यांनी मेधाताईंच्या मांडीवर ठेवली.