बर्फावर पाय न ठेवलेली कोच

मी स्कीच्या कोचिंगमध्ये आले ती बस चुकल्यामुळे. २०२० चा सप्टेंबर होता. आयर्लंडमधल्या कॉर्क शहराबाहेर आमच्या औषध कंपनीच्या आसपासची सगळी ऑफिसं ओस पडली होती. लोक घरून काम करत होते. आमची लॅब तेवढी चालू होती. शनिवारची शिफ्ट संपवून स्टॉपवर उभी होते, तर समोरच्या रिकाम्या रस्त्यावर कॉलेजची दहा-बारा मुलंमुली दिसली. पायांत दीड हात लांबीच्या पट्ट्या, पट्टीच्या दोन्ही टोकांना चाक, हातांत काठ्या. आयर्लंडमध्ये बर्फ टिकत नाही, म्हणून इथली स्कीची टीम वर्षभर डांबरावर सराव करते आणि हिवाळ्यात आठवडाभर परदेशी जाऊन खऱ्या बर्फावर उतरते, हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की त्यांना थांबता येत नाही. उतार आला की एकेक जण गवतात कोसळत होता.

थांबणं मला येतं. पुण्यात पंधराव्या वर्षापासून मी सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये स्केटिंग शिकवलं, त्यावर स्वतःचं शिक्षण केलं, इथवर आले. कोणी हात धरून आणलेलं नाही. मी सरळ त्यांच्या कोचकडे गेले. भूगोलाचे निवृत्त शिक्षक होते, सत्तरीला टेकलेले. तरुणपणी नॉर्वेत राहून स्की शिकलेले.

“तुमची मुलं पडतात, कारण तुम्ही त्यांना पडायला शिकवलेलं नाही,” मी म्हटलं.

“मग तू शिकव,” ते म्हणाले.

मला काय मिळेल, असं मी लगेच विचारलं. त्यांनी गाडीच्या डिकीतून चाकांच्या त्या पट्ट्यांची, रोलर स्कीची, जुनी जोडी काढली. मी काठ्याही मागितल्या, मग हेल्मेट. ते मुलांकडे वळून म्हणाले, “हिला आवरा, नाहीतर मला आज घरी चालत जावं लागेल.”

त्यानंतर एकही शनिवार-रविवार मी चुकवला नाही. मी पडणं, वळणं, थांबणं शिकवायची. ते काठीचा जोर आणि श्वास शिकवायचे. रात्री मी व्हिडिओ बघून स्कीची पद्धत पाठ करायची. नोव्हेंबरात ते घडीची खुर्ची आणायला लागले आणि बसूनच सूचना द्यायला लागले. मला वाटलं, फुकटचं माणूस मिळालं म्हणून म्हातारा आळसावला. हे मी त्यांना बोलूनही दाखवलं. ते हसले.

डिसेंबरात त्यांनी कॉलेजला पुढच्या वर्षाच्या कोचची यादी पाठवली. ती मलाही आली. त्यात माझं नाव शेवटी, मदतनीस म्हणून. मदतनीस बर्फावर जात नाही. सहायक कोच जातो, आणि तिथेच त्याला पहिल्या पातळीचं प्रमाणपत्र मिळतं. मला ते हवं होतं. लॅबमध्ये माझ्यासारख्या चाळीस जणी होत्या. डांबरावर मी एकटी होते.

रविवारी सगळ्यांसमोर मी त्यांना विचारलं. माझा आवाज चढला होता, तो त्यांच्या लक्षात आला असणार, कारण ते खुर्चीतून उठून उभे राहिले.

“बर्फ वेगळा असतो,” ते म्हणाले. “एकदा त्याच्यावर उभी राहा. मग लिहितो.”

“सहायक कोच झाल्याशिवाय मला तिथे नेणार कोण?”

ते परत खुर्चीत बसले. मग म्हणाले, एक वर्ष थांब.

मी स्की काढल्या, त्यांच्या डिकीत ठेवल्या, म्हटलं दुसरं कोणीतरी बघा, आणि चालायला लागले.

मी सोडून जात नव्हते. तुळशीबागेत खरेदी केलेल्या कोणालाही हे समजेल. दुकानाची पायरी आपण उतरतो ती जाण्यासाठी नाही. पाच-सात पावलांत मागून “ताई, या हो, काय द्यायचं ते बोला” असं येतं, आणि मग खरा सौदा सुरू होतो. मी मुद्दाम हळू चालले. मागून त्यांचा आवाज आला, “तू जे केलंस त्याबद्दल मनापासून आभार.” मला वाटलं, म्हातारा मुरलेला आहे; दोन दिवसांत फोन करेल.

जानेवारीत पुन्हा सगळं बंद झालं. घरापासून पाच किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही. मी फोनची वाट बघत राहिले. आईला सांगितलं तेव्हा ती पुण्याहून करवादली, “अगं, घासाघीस मी तुला चादरींसाठी शिकवली. माणसाला फोन करावा.” मी म्हटलं, जो आधी बोलतो तो हरतो. “मग बस जिंकत,” ती म्हणाली.

फेब्रुवारीच्या शेवटी टीमच्या कॅप्टनचा फोन आला. तिसऱ्या वर्षाची मुलगी, एरवी एका दमात बोलणारी. कोच गेले होते. उन्हाळ्यापासूनच आजारी होते. टीमला नोव्हेंबरात सांगितलं होतं. मला सांगू नका असं बजावलं होतं, कारण मी दया दाखवत शिकवलेलं त्यांना चाललं नसतं. मी गेल्यावर मुलांनी मला बोलावूया म्हटलं, तेव्हा म्हणाले होते, “तिने नाही म्हटलंय. तिच्या शब्दाचा मान ठेवा.”

मान! कोणी मागितला होता?

चर्चमध्ये दहाच माणसांना परवानगी होती. बाकीचे इथल्या रीतीप्रमाणे रस्त्याच्या कडेला अंतर ठेवून उभे राहिले. टीम कॉलेजच्या जर्सीत होती, काठ्या उभ्या धरून. माझ्याकडे जर्सी नव्हती. मी लॅबच्या जाकिटात रांगेच्या टोकाला उभी राहिले. शववाहिका आमच्यापाशी आली तशी माणसाच्या चालीने जायला लागली. मागच्या गाडीतून त्यांच्या बायकोने माझ्याकडे बघून मान हलवली. ती मला ओळखत होती की सगळ्यांनाच तशी मान हलवत होती, कुणास ठाऊक. इंटरनेटवरच्या शोकसंदेशाच्या पानावर मी तीनदा लिहिलं आणि तीनदा पुसलं. तिसऱ्यांदा लिहिलं होतं, तुम्ही मला सांगायला हवं होतं.

मेमध्ये सराव पुन्हा सुरू व्हायच्या आधी कॉलेजचं पत्र आलं. सहायक कोच म्हणून माझी नेमणूक झाली होती. मुख्य कोच मिळेपर्यंत सगळं मीच बघायचं. मी काहीच मागितलं नव्हतं. मला कधीही न पाहिलेल्या कोणीतरी सही केली होती.

पहिल्या रविवारी नवीन आलेल्या एका मुलीने विचारलं, खऱ्या बर्फावर स्की कशी सरकते, चाकांसारखीच का? बाकीची मुलं माझ्याकडे बघायला लागली. मी काहीतरी ठोकून दिलं असतं. व्हिडिओ पाठ होते.

“मला माहीत नाही,” मी म्हटलं. “ज्यांना माहीत होतं ते गेले.”

मग मी त्यांना उताराच्या माथ्यावर नेलं, पडायला शिकवायला.