लेम्पीमावशीचा दिवा

त्या दिवशी तापमान उणे अठ्ठावीस अंश होतं. केर्टू गोठ्यात एकेका गाईला दूधयंत्र लावत होती आणि नजर समोरच्या घराच्या खिडकीवर होती. तिथं लेम्पीमावशी एकटी राहायची. रात्रभर तिचा छोटा, रंग बदलणारा दिवा जळायचा आणि उठली की ती त्याचा प्लग काढायची. दिवा विझला म्हणजे म्हातारी धड आहे, असं दोघींचं ठरलेलं.

सहाच्या ठोक्याला दिवा विझला. केर्टूला बरं वाटलं, आणि लगेच आठवलं: कालही बरोबर सहालाच विझला होता, परवाही. म्हातारी कधी घड्याळावर उठली होती? थंडीत गाडीचं इंजिन पहाटे आपोआप गरम व्हावं म्हणून लावतात, तो टायमर तर तिनं दिव्याला लावला नसेल?

ती बर्फातून धावत गेली आणि दार बडवू लागली. बराच वेळ आत हालचाल नव्हती. मग कडी निघाली.

"एवढ्या पहाटे कोण मेलं?" लेम्पी पांघरूण लपेटून उभी होती.

"तूच, असं वाटलं. टायमर लावलास ना?"

"गुडघे धरलेत गं. थंडीत उठून प्लग कोण काढणार?"

"मग तू मेलीस तरी दिवा विझणारच की, मावशी."

केर्टूनं आत जाऊन टायमर उपटून खिशात घातला आणि राहिलेल्या चार गाईंकडे परत गेली.