पप्पांच्या आवाजाची वाहवा

किसन ओव्हाळांचं सगळं आयुष्य पिंपरीच्या एका प्रेस शॉपमध्ये पत्रा ठोकणाऱ्या मशीनवर गेलं. रिटायर व्हायच्या आधीच त्यांचे कान गेले. ऐकू येईना तसे ते ओरडून बोलू लागले. दापोडीतल्या त्यांच्या घराला त्याची इतकी सवय झाली होती, की कुणाला त्यात वेगळं काही वाटत नसे.

त्यांचा मुलगा बुद्धरत्न चाकणला एका कंपनीत मेंटेनन्सला होता. सुट्टीच्या दिवशी मित्रांबरोबर गिटार वाजवायचा. त्यांनी ‘पत्रा’ नावाचा अल्बम करायला घेतला होता. त्यात गुणगुणावी अशी चाल नव्हती. ग्राइंडरची कर्कर, कन्व्हेयरची घरघर आणि त्यावर गिटार, असा सगळा मामला. शेवटच्या गाण्यात मात्र काहीतरी कमी पडत होतं.

एका दुपारी जेवताना आईनं, चतुराबाईंनी, विचारलं, “अहो, आमटीला मीठ बरोबर आहे का?”

“काय? काय म्हणतेस? मोठ्यानं बोल!” किसनराव ओरडले.

आई पुन्हा विचारत राहिली, ते पुन्हा ओरडत राहिले. बुद्धरत्ननं ताटाशेजारचा मोबाइल हळूच उचलून रेकॉर्डिंग सुरू केलं. कुणाला काही सांगितलं नाही.

अल्बम आला. पुण्यातल्या एका पेपरनं लिहिलं, अर्धा तास डोकं उठतं, पण ‘मोठ्यानं बोल’ या शेवटच्या गाण्यातला ओरडणारा आवाज विसरता येत नाही. बंगळुरूच्या एका संगीतविषयक वेबसाइटनं तर त्या एका गाण्यावरच लांबलचक लेख लिहिला. पिढ्यान्‌पिढ्या दाबलेला कामगार अखेर व्यवस्थेला जाब विचारतो आहे, असं त्यात होतं. आवाज देणाऱ्या अनोळखी नटाचंही कौतुक होतं. मित्र नाचले. बुद्धरत्नही हसला, पण तो लेख त्याला दुसऱ्यांदा वाचवेना.

त्याची बहीण मैत्री हौसेनं पुण्याचा तो पेपर घरी घेऊन आली. वडिलांच्या कानाशी तोंड नेऊन तिनं बातमी वाचून दाखवली.

“आवाज कुणाचा म्हणे?” त्यांनी विचारलं.

बुद्धरत्नला खोटं बोलवलं नाही. “तुमचा आहे, पप्पा.”

किसनरावांनी कपाटातून कानाचं मशीन काढलं. शिट्टी वाजते म्हणून ते कधी लावत नसत. आज लावलं. “ऐकव.”

गाणं संपेपर्यंत ते मान खाली घालून बसले होते. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं. “मी असा ओरडतो? सगळ्यांसमोर? लग्नकार्यात, विहारात?”

“ओरडता. मग काय झालं? ऐकू येत नाही माणसाला.”

“मला कुणी सांगितलं का नाही?”

बुद्धरत्ननं मोबाइल बंद करून खिशात टाकला.

त्या दिवसापासून किसनरावांचं बोलणं कमी झालं. बोललेच तर ओठ हलत, आवाज निघत नसे. संध्याकाळी विहाराच्या कट्ट्यावर जाणं बंद झालं.

बुद्धरत्ननं मित्रांशी भांडून गाणं काढून टाकलं. त्यावरही एकानं लिहिलं, या गाण्याशिवाय अल्बमचा कणाच गेला. चिंचवडच्या कार्यक्रमात त्यांनी ते वाजवलं नाही, तर पब्लिकच ओरडायला लागलं, “काय? मोठ्यानं बोल!” अगदी त्याच सुरात, हसत हसत. बुद्धरत्ननं गिटार खाली ठेवली आणि तो मागच्या दारानं निघून गेला.

घरी येऊन त्यानं बंगळुरूच्या त्या लेखकाला मेल केला, तो कुणी नट नव्हता, माझे वडील होते, आणि प्रश्न आमटीच्या मिठाचा होता. लगेच उत्तर आलं, “ही गोष्ट तर गाण्यापेक्षाही मोठी आहे. मी यावर लिहू का? वडिलांचा एखादा फोटो मिळेल?”

बुद्धरत्ननं तो मेल पुसून टाकला.

आता किसनराव स्वयंपाकघरात चतुराबाईंशी थोडं बोलतात. कधी कधी पहिल्यासारखा आवाजही चढतो. बुद्धरत्न आत आला, की ते आधी त्याच्या खिशाकडे बघतात आणि गप्प होतात. बुद्धरत्न आता मोबाइल बाहेर चपलांच्या कपाटावर ठेवून येतो, हे त्यांना चतुराबाईंनी सांगितलंय. तरीही.