नारळ, सायरन आणि मी

आता सांगायलाही लाज वाटते, पण तुम्हाला नाही तर कुणाला सांगणार? ऐका. मध्येच हसायचं मात्र नाही!

सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणारा आमचा कारखाना. मालकांनी नवी शेड बांधली आणि माणसं कुठली घेतली? कुंभारीच्या, सांगोल्याकडच्या बायका. कुणी खुरपणारी, कुणी शेरडं राखणारी. शिवणयंत्राला कधी बोटसुद्धा न लावलेल्या! आणि शिकवणार कोण? मी! यासाठी का डोळे फोडून डिग्री घेतली?

"मालक, यांना सुईत दोरा ओवता येत नाही!"

"म्हणून तर तुम्ही आहात, मॅडम. व्यापारी काम बघायला येतायत. बायका पास झाल्या की तुमची नोकरी पक्की."

म्हणजे माझी नोकरी यांच्या हातात! संताप येणार नाही तर काय होणार?

शिकवलं बापडीनं. पण शिवणीपेक्षा जास्त घोकून घेतला तो सायरन. भिंतीवर लाल बटण आहे. ते दाबलं की अख्ख्या शेडची वीज बंद आणि सायरन सुरू. मग हातातलं टाकायचं, रांगेनं मैदानात जायचं. आगीची मला भीती, म्हणून रोज तालीम!

सांगोल्याच्या कमळाबाई दर वेळी विचारायच्या, "आन् त्ये बटन आमी दाबायचं न्हाय व्हय?"

"हात लावून तर बघा!"

तो दिवस आला. मशीन घरघरतायत, बायका खाली मान घालून कॉलरी शिवतायत. मी भिंतीला टेकून, घामाघूम. व्यापारी दारात आले, हार घातला गेला, आणि मालकांनी उंबऱ्याशी नारळ आपटला. फट्!

बाई गं! अशी दचकले म्हणून सांगू!

आणि त्याच क्षणी मशीन बंद, पंखे बंद, सायरन सुरू! बायका उठल्या, रांगेनं चालू लागल्या. व्यापारी हार सांभाळत पळाले, मागून मालक, हातात अर्धा नारळ. आणि मी? रांग गेली उडत! "आग! आग!" करत सगळ्यांच्या पुढे, एक चप्पल आतच टाकून.

मैदानात येऊन बघते तर ना आग, ना धूर. मग मात्र माझं डोकंच फिरलं.

"कुणी दाबलं बटण? कमळाबाई, तुम्हीच! रोज विचारत होता ना? घालवलीत माझी नोकरी! मालक, मी सांगत नव्हते, असली माणसं घेऊ नका म्हणून?"

कमळाबाईंनी तोंडाला पदर लावला. "अवो मॅडम, आमी समद्या मशिनीवर हुतो की! बटन तुमच्या पाठीमागं. नारळ फुटला आन् तुमी मागं उडालासा!"

पाठीत मघापासून काय ठणकतंय, ते तेव्हा कळलं.

व्यापारी मात्र लई खूश. "काय शिस्त हो बायकांची! ऑर्डर तुम्हालाच." झाली, माझी नोकरी पक्की झाली.

पण आता नवी तुकडी आली की शिवणीच्या आधी कमळाबाई बायकांना बजावतात, "हितला पयला नियम. कुटं नारळ फोडायचा आसंल, तर आदी मॅडमला मैदानात न्हेऊन उभं करायचं. मग नारळ!"