हातभर पट्टीतली कंबरमोडी

शेजारच्या तात्यांच्या आणि माझ्या दुकानांमधल्या हातभर पट्टीत कंबरमोडी फुलली आहे. लांब दांडी, पिवळं पोट, भोवती पांढुरक्या पाकळ्या. पट्टी माझी आहे. तात्या ती त्यांची म्हणतात. म्हणून तिथलं तण कुणीच कुणाला काढू देत नाही.

काल शटरने माझं बोट कापलं. तात्यांनी तिथलाच पाला चुरगळून रस जखमेवर पिळला.

“पाला माझ्या जागेतला आहे,” मी म्हणालो.

“आधी रक्त थांबू दे, मग भांड.”

हात त्यांच्या हातात असताना ओरडणं जमेना. मी आयुष्यभर घासाघीस करून जागा मिळवली. या रोपाने ती एक शब्दही न बोलता मिळवली.

पट्टी माझीच आहे. पण तण काढायचं नाही, यावर आमचं पहिल्यांदाच एकमत झालं.