पश्चिमेचा लगतदार

यवतमाळात राहून समुद्राचे किस्से जमतात, हे बाहेरच्या कोणाला पटत नाही. पण बसस्टँडसमोरच्या टपरीवर सकाळी चहाला बसणाऱ्या आमच्या मंडळींकडे ते ढिगाने आहेत. एक निघाला की दुसरा "थांब, माझं ऐक" म्हणून हजर!

मंडळी म्हणजे तिघंच. माझ्या वडिलांचे चुलतभाऊ मधुकरकाका, राळेगावला त्यांचं विहिरीचं शेत आहे. गॅरेजवाले रहीमचाचा. आणि रिटायर्ड हेडमास्तर राऊत सर. चौथी मी, बिनबुलाई.

*

मी नेदरलँड्समध्ये शिकले, तिथली नोकरी नाकारून गावी परत आले. पहिल्याच दिवशी चाचांनी विचारलं, "बेटा, तू शिकली कायचं?"

"समुद्रकिनाऱ्यावर कुठे बांधायचं आणि कुठे नाही, त्याचं."

चाचांनी बशी खाली ठेवली. "मग यवतमाळले काहून आली? इथं तर नळालेच पानी नाई!"

सगळी टपरी हसली. मी म्हटलं, "फसणारे इथून जातात, म्हणून मी इथे आले."

"लय कडक हाय पोरगी," सर म्हणाले. "हिले शाळेत आनायचं होतं, वर्ग चूप बसला असता."

*

फसणारं कोणी बाहेरचं नव्हतंच. एका सकाळी काका चकचकीत ब्रोशर घेऊन आले. कोकणात सी-फेसिंग प्लॉट!

आता कोकणातली शेतजमीन घ्यायची तर घेणारा शेतकरी लागतो. शहरातल्या नोकरदाराकडे सातबारा नसतो, आमच्याकडे असतो. म्हणून असले प्लॉटवाले आमच्याकडे गिऱ्हाईक शोधत येतात. काकांची छाती फुगली होती.

"साऱ्या जन्मात पह्यल्यांदा कोनी मले म्हटलं, तुमी शेतकरी हाय हे तुमचं नशीब!"

पण त्यासाठी राळेगावचं शेत विकायचं होतं. घेणाराही ठरला होता. काकांची इकडे प्लॉटवर सही झाली की तिकडे शेत गेलं. माझा चहा थंड झाला.

*

मी समजावलं. सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाचा कायदा, काय असतो, भरतीचं पाणी चढतं ती रेषा कोणती, आणि तिच्यापासून ठरलेल्या अंतरात नवं घर का बांधता येत नाही.

"मी माह्या जागेत काय बांधावं, हे समुद्र सांगन काय मले?"

"समुद्र नाही काका, कायदा."

"कायद्यानंच तर घेऊन राह्यलो!"

मी त्या किनाऱ्याचा नकाशा काढला, लाल पेनाने रेषा ठळक केली आणि टपरीच्या भिंतीला चिकटवला. दुसऱ्या दिवशी त्याच नकाशात गुंडाळून टपरीवाल्याने मला समोसा दिला.

तिसऱ्या दिवशी मी तो लॅमिनेट करून आणला.

*

मग प्लॉटचा सातबारा आला. राऊत सरांनी चष्मा पुसून तो वाचला आणि म्हणाले, "मधुकरराव, हे सारं तर पोटखराब लिहिलं हाय."

पोटखराब म्हणजे पिकाच्या कामाची नसलेली जमीन, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. काकांनी स्पीकरवर फोन लावला.

प्लॉटवाला म्हणाला, "काका, तुम्हाला तिथे कापूस लावायचाय का? घर बांधायचंय ना?"

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू केस जिंकली. मी फोन ओढला. "बांधकामाची परवानगी पाठवा."

"मॅडम, ती घर झाल्यावर मिळते."

चाचा उडालेच. "म्हंजे अ‍ॅक्सिडेंट झाल्यावर लायसन!"

*

जागा पाहायला तिघांनी जायचं ठरलं. प्लॉटवाल्याने बजावलं होतं, सकाळी दहालाच पोचा, दुपारी ऊन फार होतं. ऊन! यवतमाळच्या माणसांना!

काका मला म्हणाले, "तू यायचं नाई. तू तोंड उघडशीन."

मी चाचांच्या गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसले, लॅमिनेट केलेला नकाशा घेऊन. काका ओरडले, मी उतरले नाही.

शेवटी चाचा म्हणाले, "तुले टपावर बसवून नेईन बेटा, पन तो नकाशा काचेसमोरून काढ. रस्ता दिसून नाई राह्यला!"

*

प्लॉट सपाट, कोरडा. खाडीच्या तोंडाशी. समुद्र इतका लांब, की दुसऱ्याच्या शेतात असल्यासारखा. आपल्या गाडीच्या बॉनेटवर साठेखत मांडून प्लॉटवाला तयार उभा होता. म्हणाला, "काका, इथे सही."

काकांनी डिकीतून राळेगावच्या बाभळीच्या चार खुंट्या काढल्या आणि प्लॉटच्या चार बाजूंना नुसत्या टोचून ठेवल्या.

आमच्याकडे शेत घेताना चारही बाजूंचे लगतदार, म्हणजे शेजारचे जमीनवाले, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बोलावतात. प्रत्येकाने आपली हद्द दाखवायची, मग खुंटी पक्की. त्याशिवाय काकांच्या पेनाचं टोपण निघत नाही.

उत्तरेचे बागवाले आले, हो म्हणाले. दक्षिणेच्या आजीने खुंट्या पाहिल्या, तोंडाला पदर लावला आणि हसत हसत हो म्हटलं. पूर्वेला रस्ता.

"पश्चिमेचा?" काकांनी विचारलं.

"पश्चिमेला समुद्र आहे, काका!" प्लॉटवाला म्हणाला.

"मग त्याले बलवा."

प्लॉटवाला हसला. मग त्याने घड्याळ पाहिलं. "काका, सही करून टाका, निघू."

"लगतदार आल्याबिगर सही नाई होत आमच्याकडं."

मी तोंड उघडलं. काकांनी बोट दाखवलं. "तू चूप." आणि जन्मात पहिल्यांदा मी चूप बसले.

काकांनी खांद्यावरचा दुपट्टा अंथरला, डबा उघडला. तिखट पुऱ्या निघाल्या. सरांनी दोन खाल्ल्या, चाचांनी चार. प्लॉटवाल्याला आग्रह केला, तो नको म्हणाला आणि आपली गाडी मागे रस्त्यावर नेऊन लावली.

जेवण झालं, सर लवंडले, आणि पश्चिमेची खुंटी पाण्यात उभी दिसली. मग ती आडवी झाली. मग तरंगली.

काका उठले. चप्पल काढली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, पाण्यात चार पावलं सामोरे गेले आणि धुऱ्यावर करतात तसे हात जोडले.

"राम राम भाऊ. तुमची हद कुठवर?"

पाणी त्यांच्या पायांमधून पुढे गेलं, दुपट्ट्यावरून, सरांच्या चपला उचलून, पूर्वेच्या खुंटीला लागलं आणि थांबलं.

काका प्लॉटवाल्याकडे वळले.

"लिहून घ्या, साहेब."